मृत्युपत्र करताय? तलाठी, बँक आणि कोर्ट तिन्हीकडे टिकेल असे कसे लिहावे

मृत्युपत्र उघडायची वेळ येते तेव्हा ते लिहिणारा माणूस उत्तरे द्यायला नसतो. "वरची जमीन म्हणजे कुठली, ओढ्याकडची की माळाची?" हे विचारायचे कुणाला? म्हणून मृत्युपत्राची खरी परीक्षा भाषेच्या गोडव्यात नसते. अनोळखी तलाठ्याला, बँकेच्या मॅनेजरला आणि भांडण झालेच तर न्यायाधीशाला ते दुसऱ्या कुणाला न विचारता अमलात आणता आले पाहिजे. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या साध्या घराची मिळकतसुद्धा चार खात्यांत विखुरलेली असते. गावाकडे दोन-तीन गट नंबर, शहरात पेठेतले घर नाहीतर राजारामपुरीकडचा फ्लॅट, साखर कारखान्याचे शेअर्स, दूध संस्थेचे सभासदत्व, पतसंस्थेतल्या ठेवी, लॉकरमधले सोने आणि विकास सेवा संस्थेचे पीककर्ज. प्रत्येकाचा कागद वेगळा, नाव बदलायचे कार्यालयही वेगळे. दुकानातून आणलेल्या छापील नमुन्यात हे बसत नाही.

१. मृत्युपत्र नसेल तर काय होईल, ते आधी काढा

हिंदू, जैन, बौद्ध, शीख यांना हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ लागू होतो. लिंगायतही त्यातच येतात. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, सगळ्यांना समान हिस्सा. "सगळे बायकोलाच जाणार" असे गृहीत धरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. वडील मात्र या पहिल्या वर्गात नाहीत.

बाईच्या मिळकतीचा नियम वेगळा आहे आणि तो बहुतेक घरांत कुणालाच माहीत नसतो. मूलबाळ नसलेली विधवा शिक्षिका स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेते आणि मृत्युपत्र न करता जाते. तो फ्लॅट तिला शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या भावाला मिळत नाही. कलम १५ प्रमाणे तो नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे दिराकडे किंवा पुतण्यांकडे जातो. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परत जाते. अशा परिस्थितीतल्या बाईने मृत्युपत्र करणे पुढे ढकलूच नये.

मुस्लिम कुटुंबात साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही, आणि वारसालाच जादा द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. ख्रिश्चनांचे आधी केलेले मृत्युपत्र लग्नानंतर रद्द होते. आपल्याला कुठला कायदा लागतो, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

२. यादी करा, आठवणीवर नाही, कागदावर

वकिलाकडे जाण्याआधी हे कागद एका फाइलीत लावा:

- शेतजमीन: चालू सातबारा, आठ अ, जुने फेरफार (नावे कशी बदलत आली त्या नोंदी). डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो.
- शहरातले घर, प्लॉट: सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक, खरेदीपत्र व इंडेक्स टू, घरफाळ्याची पावती.
- फ्लॅट: नोंदवलेला करार, सोसायटीचे भागपत्र किंवा अपार्टमेंटचे घोषणापत्र.
- बँक, पतसंस्था, पोस्ट: खाते व ठेव क्रमांक, शाखा, नॉमिनीचे नाव.
- विमा, पीएफ, म्युच्युअल फंड, डीमॅट.
- कारखाना, दूध संस्था, सेवा संस्था: भाग दाखले, सभासद क्रमांक.
- दागिने: लॉकर क्रमांक, वजन, शक्य तर फोटो.
- वाहने, शेतीपंपाचे वीज कनेक्शन, पाणीपुरवठा संस्थेतला हिस्सा.
- देणी: पीककर्ज, घरकर्ज, सोनेतारण, जामीनकी, हातउसने.
- स्वतःचे व ज्यांना द्यायचे त्यांचे आधार कार्डाप्रमाणे पूर्ण नाव, स्वतःचे पॅन.

देण्यांची ओळ बहुतेक जण गाळतात. मृत्युपत्राने मिळकत जाते ती कर्जासकट जाते. सातबाऱ्याच्या "इतर हक्कात" सेवा संस्थेचा बोजा असेल तर जमीन घेणाऱ्यानेच तो फेडायचा, की ठेवीतून फेडायचा, हे स्पष्ट लिहा. नाहीतर एका भावाला ठेव आणि दुसऱ्याला बोजा, असा निकाल नकळत लागतो. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर तेही लिहा. घरच्यांना ते नोटीस आल्यावरच कळते.

३. कुठली मिळकत खरोखर तुमची, ते ठरवा

सगळ्यात जास्त मृत्युपत्रे इथेच अडकतात.

सातबाऱ्यावर एकट्याचे नाव आहे म्हणून जमीन एकट्याची ठरत नाही. जुन्या फेरफारात नावापुढे "ए.कु.मॅ." असे असेल तर ते नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागले आहे. भाऊ, बहिणी, पुतणे यांचे हक्क त्यामागे आहेत. म्हणून चालू सातबाऱ्यावर थांबू नका. फेरफार मागे मागे काढत जा, निदान आजोबांचे नाव पहिल्यांदा लागले तिथपर्यंत.

वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत माणूस फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करू शकतो. समजा चार एकर वडिलोपार्जित जमीन आहे. घरात नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी. आज वाटप केले तर चौघांना प्रत्येकी एक एकर येते. वडिलांनी "चारही एकर मुलाला" असे लिहिले तरी ते चालेल फक्त त्यांच्या एका एकरापुरते. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच एकत्र मिळकतीची हिस्सेदार आहे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते असेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. "लग्नात तिला सगळे दिले" हे वाक्य मृत्युपत्रात कितीही ठळक लिहिले तरी तिचा स्वतःचा हिस्सा त्याने जात नाही. तिला खरेच हिस्सा नको असेल तर नोंदवलेले हक्कसोडपत्र हाच सरळ मार्ग आहे, आणि तेही तिने आपल्या मर्जीने, समजून दिलेले असावे.

उलट बाजूही आहे. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन १९५६ नंतर वारसाने तुमच्याकडे आली असेल तर ती बहुधा तुमची वैयक्तिक मिळकत ठरते, जरी गावात तिला सगळे "वडिलोपार्जित" म्हणत असले तरी. बोलण्यातला "वडिलोपार्जित" आणि कायद्यातला "वडिलोपार्जित" एक नाहीत. ही छाननी करून घेण्यासाठी वकिलाला पैसे देण्यात अर्थ आहे. नुसत्या टायपिंगसाठी नाही.

आता जमिनीचा प्रकार बघा. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असेल तर हस्तांतरावर सरकारी निर्बंध आहेत. धरणग्रस्त म्हणून मिळालेल्या जमिनी, काही वतनाच्या जमिनी आणि कूळ कायद्याने मिळालेल्या काही जमिनी यात येतात. अशा जमिनीला वारस म्हणून मुलाबाळांची नावे लागणे वेगळे आणि मृत्युपत्राने ती भाच्याला किंवा सांभाळणाऱ्या शेजाऱ्याला देणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात नोंद अडते. वर्ग १ ची शेतजमीनही शेतकरी नसलेल्या माणसाला देत असाल तर कूळ कायद्याचा अडथळा आधी तपासा.

देवस्थान इनामाच्या जमिनी आपल्या भागात भरपूर आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कसत असलात तरी सातबाऱ्यावर देवस्थानाचे नाव असेल तर मालक देव आहे. ती जमीन मृत्युपत्रात "माझ्या मालकीची" म्हणून घातली तर कोर्टात विरुद्ध बाजूला आयते हत्यार मिळते: यांना आपली मिळकत कोणती हेच माहीत नव्हते, म्हणजे मृत्युपत्र दुसऱ्याने लिहून घेतले.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला शेड हा भाडेपट्टा असतो. तो द्यायचा तर हस्तांतराच्या अटी करारात बघून घ्या.

४. मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

बक्षीसपत्राने मालकी आजच जाते, मृत्युपत्राने मेल्यावर. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुले, नातवंडे यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे (शहरी हद्दीत वरचा अधिभार असेल तो वेगळा), म्हणून "आताच नावावर करून टाका" असा आग्रह घरातून होतो. पण एकदा दिलेले बक्षीस सहसा परत घेता येत नाही. ज्या घरात तुम्ही राहता ते घर, आणि ज्या जमिनीच्या उसावर म्हातारपणाचा खर्च चालतो ती जमीन, हयातीत बक्षीस देऊ नका असे आमचे स्पष्ट मत आहे. द्यायचीच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात शब्दात लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली दाद मागायची तर ती अटच कामाला येते.

मृत्युपत्र मात्र हयातीत कितीही वेळा बदलता येते आणि त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. वारसा कराची भीती घालणारे भेटतात. भारतातला इस्टेट ड्यूटीचा कायदा १९८५ सालीच बंद झाला.

५. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँकेत, सोसायटीत, शेअर्सला नॉमिनी लावला की काम झाले असे समजू नका. नॉमिनीच्या हातात बँक पैसे देते, पण ते पैसे त्याने कायदेशीर वारसांसाठी किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यासाठी सांभाळायचे असतात. शेअर्सबाबतही नॉमिनी मालक होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, मुले, आईवडील यांच्या बाजूने वेगळी तरतूद आहे, तरी त्यावर विसंबू नका.

उपाय सोपा आहे. मृत्युपत्रात ज्याला द्यायचे तोच नॉमिनी ठेवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात आणि ठेवीत टक्केवारीही देता येते, त्यामुळे दोन मुलांत विभागायची ठेव आता तशीच नोंदवता येईल. लग्नाआधी उघडलेल्या जुन्या खात्यांवर नॉमिनी म्हणून आई किंवा धाकटा भाऊ राहून गेलेला असतो. ती खाती आधी शोधा. पतसंस्थेच्या ठेवपावतीवर नॉमिनीचा रकाना कोरा राहिलेला असेल तर तोही भरून घ्या.

६. वकील कसा निवडावा

निबंधक कार्यालयाच्या आसपास अर्ध्या तासात मृत्युपत्र टाइप करून मिळते. त्यात जुनाच मजकूर उचललेला असतो आणि पहिल्याच परिच्छेदात "सर्व मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे" असे ठोकून दिलेले असते, जमीन आजोबांची असली तरी. पुढचा दावा त्या एका वाक्यावर उभा राहतो.

वकिलाला तीन गोष्टी विचारा. दिवाणी कोर्टात मृत्युपत्र शाबीत करण्याचे किंवा त्याला आव्हान देण्याचे काम त्यांनी केले आहे का? ते जुने फेरफार स्वतः वाचणार की तुम्ही सांगाल तेच लिहिणार? आणि ते तुमच्याशी एकट्याने, मुलासुनेला बाहेर बसवून बोलतील का? तिसऱ्या प्रश्नाला जो वकील आढेवेढे घेईल तिथून उठा. ज्याला मिळकत मिळणार आहे त्यानेच वकील ठरवला, फी दिली, मसुदा आणला आणि सहीच्या वेळी खांद्याला खांदा लावून बसला, तर मृत्युपत्राभोवती संशय जमतो आणि तो दूर करायची जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडते.

७. मसुदा: इथे घाई नको

*वर्णन.* "माझी गावची जमीन" असे लिहू नका. गाव, तालुका, गट नंबर, हेक्टर-आरमधले क्षेत्र, आकार (म्हणजे शेतसारा) आणि चारी बाजूंना कोण, म्हणजे चतुःसीमा, सगळे सातबाऱ्याप्रमाणे. शहरात वॉर्ड आणि सिटी सर्व्हे नंबर लिहा, "ई वॉर्ड, सि.स.नं. अमुक" हीच कोल्हापुरातल्या मिळकतीची ओळख. दागिन्यांचे वजन ग्रॅममध्ये टाका. तोळ्यात लिहिले की जुना ११.६६ ग्रॅमचा की हल्लीचा १० ग्रॅमचा, हा वाद सुरू होतो. "एक कोल्हापुरी साज, एक ठुशी, चार पाटल्या, वजन अमुक ग्रॅम, अमुक बँकेच्या लॉकरमध्ये" एवढे पुरे.

*गटाचे तुकडे.* एकाच गटातला पूर्वेकडचा भाग थोरल्याला आणि पश्चिमेचा धाकट्याला द्यायचा असेल तर आधी मोजणी करून नकाशा मृत्युपत्राला जोडा. मग वाट आणि पाण्याचा विचार करा. पाणंद एकाच बाजूला असेल तर मागच्या हिश्श्याची ऊस भरलेली ट्रॉली कुठून बाहेर काढायची? विहीर कुणाच्या हिश्श्यात, मोटारीची पाळी कशी, पाइपलाइन कुणाच्या बांधातून जाते? हे सगळे आज एका माणसाच्या मालकीचे असल्यामुळे कुणाला सुचत नाही. मृत्युपत्रात चार ओळी वाढतात, पण बांधावरची मारामारी वाचते.

*पीक आणि बिल.* ऊस गाळपाला गेला आणि बिल यायच्या आत माणूस गेला, असे नेहमीच घडते. उभे पीक जमिनीबरोबर जाणार की वेगळे, कारखान्याकडचे येणे कुणाला, हे लिहा.

*पेठेतले घर.* तळमजला एकाला, माडी दुसऱ्याला, एवढे लिहून भागत नाही. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, परडे, दारातली पार्किंगची जागा, प्रत्येकाचा उल्लेख हवा. घर पाडून नवे बांधायचे ठरले तर एफएसआय (जागेवर जेवढे बांधकाम करता येते ते) कसा वाटायचा, हेही आजच्या काळात लिहायला हवे.

*बायकोचा हक्क.* "घर पत्नीस पूर्ण मालकी हक्काने द्यावे व तिच्या पश्चात मुलास मिळावे." हे वाक्य दिसायला प्रेमळ, पण अंतर्विरोधी आहे. पूर्ण मालकी दिली तर ती ते विकू शकते. मग मुलाला काय मिळणार? नुसता तहहयात उपभोग द्यायचा असेल तर तसे लिहा आणि विकण्याचा, गहाण ठेवण्याचा हक्क आहे की नाही तेही लिहा. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ मुळे अशा मर्यादित हक्काचा कधी कधी पूर्ण हक्क होतो. हा मजकूर वकिलाकडूनच घासूनपुसून घ्या.

*आधी कोणी गेले तर.* ज्याला द्यायचे तो तुमच्या आधी वारला तर ते कुणाला, हा पर्याय प्रत्येक कलमात ठेवा. शेवटी एक उर्वरित कलम हवेच: "वर न लिहिलेली व यापुढे मला मिळणारी सर्व मिळकत अमुकास." हे नसेल तर मृत्युपत्रानंतर घेतलेला प्लॉट मृत्युपत्राच्या बाहेर राहतो.

*कमी-जास्त का दिले.* एखाद्या मुलाला किंवा मुलीला वगळत असाल तर कारण दोन ओळीत, शांत शब्दांत लिहा: शिक्षणाला दिले, घर घेऊन दिले, धंद्याला भांडवल दिले. कारणाशिवाय वगळणे कोर्टाला खटकते. पण राग काढू नका. मृत्युपत्रातल्या शिव्या विरुद्ध पक्षाचा वकील कोर्टात मोठ्याने वाचून दाखवतो आणि मन ठिकाणावर नव्हते असे म्हणायला मोकळा होतो.

*अज्ञान, म्हणजे वयात न आलेली मुले.* पालक कोण, पैसे कुणी सांभाळायचे, हे लिहा. मतिमंद किंवा कायम सांभाळ लागणारे मूल असेल तर मृत्युपत्रातून ट्रस्ट करण्याबद्दल वकिलाशी स्वतंत्र बसा.

*अंमलबजावणी.* एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा म्हणून वयाने लहान, हिशोबाला चोख, शक्यतो जिल्ह्यातच राहणारा माणूस नेमा, आणि एक पर्यायी नावही. घरातलाच, मिळकत मिळणारा माणूसही चालतो.

८. सही, साक्षीदार, डॉक्टर

भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चे कलम ६३ छोटे आहे, पण त्यातल्या एका चुकीने सगळे मृत्युपत्र जाते. लिहून देणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा ही सही आपली आहे असे लिहून देणाऱ्याने त्यांना स्वतः सांगितलेले असावे. प्रत्येक साक्षीदाराने लिहून देणाऱ्याच्या समोर सही करायची. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही, पण ठेवा. तिघे एका टेबलावर बसून एकाच पेनने सह्या करतात, तेव्हा पुढे उलटतपासणीत फारसे काही हाती लागत नाही.

मृत्युपत्र कागदावर असून भागत नाही, ते कोर्टात शाबीत करावे लागते. त्यासाठी हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला पिंजऱ्यात उभे राहावे लागते. म्हणून ऐंशीच्या घरातले दोन मित्र साक्षीदार घेऊ नका. तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, इथेच राहणारे, मिळकतीत काही न मिळणारे आणि "कागदात काय होते माहीत नाही, बोलावले म्हणून सही केली" असे म्हणणार नाहीत असे दोघे निवडा. साक्षीदाराला मजकूर माहीत असण्याची कायद्याने गरज नाही, पण तो काय पाहतो आहे हे त्याला कळले पाहिजे. मुलगा, सून, जावई यांना साक्षीदार करू नका.

वय सत्तरीपुढे असेल किंवा दवाखान्याचे उपचार चालू असतील तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्या: तपासले, शुद्धीत आहेत, मजकूर समजतो. हे वेगळ्या चिठ्ठीऐवजी मृत्युपत्राच्याच शेवटी डॉक्टरांच्या सही-शिक्क्याने असले तर उत्तम. आयसीयूत अंगठा घेऊन केलेली मृत्युपत्रे बहुतेक घरे मोडूनच राहतात.

प्रत्येक पानावर सही हवी. खाडाखोड झाली तर त्याजवळ तुमची आणि साक्षीदारांची सही. त्यापेक्षा पान नव्याने छापा. वाचता येत नसेल तर "वाचून दाखवले, समजले" ही ओळ आणि वाचणाऱ्याचे नाव टाका. स्टँप पेपर लागत नाही, साधा ए-फोर कागद चालतो. व्हिडिओ जोडीला हरकत नाही, पण तो साक्षीदारांच्या जागी चालत नाही.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. दोन साक्षीदार नसतील तर नोटरीसमोर केलेले मृत्युपत्रही लंगडेच.

९. नोंदणी करावी का?

सक्ती नाही, करा. महाराष्ट्रात नोंदणी फी १०० रुपये, शिवाय पानागणिक हाताळणी शुल्क. दुय्यम निबंधकांसमोर तुमचा फोटो आणि अंगठा घेतला जातो, त्यामुळे "सहीच त्यांची नाही" हा आक्षेप बराच लंगडा पडतो. मृत्युपत्राच्या नोंदणीला मुदत नाही आणि मिळकत ज्या तालुक्यात तिथेच जावे लागते असेही नाही. शिरोळच्या जमिनीचे मृत्युपत्र करवीरला नोंदवता येते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधी माहिती भरा, वेळ घ्या. मूळ कागद, सगळ्यांची आधार कार्डे आणि दोन्ही साक्षीदार घेऊन जा. आजारी माणसासाठी निबंधकांना घरी बोलावण्याची सोय कायद्यात आहे.

"नोंदवले तर सगळ्यांना कळेल" ही भीती खोटी. मृत्युपत्र पुस्तक क्रमांक ३ मध्ये जाते. तुम्ही हयात असेपर्यंत त्याची नक्कल तुमच्याशिवाय किंवा तुमच्या मुखत्याराशिवाय कुणाला मिळत नाही. मात्र नोंदवलेले म्हणजे अभेद्य, असेही नाही. त्यानंतर साध्या कागदावर नीट केलेले मृत्युपत्र निघाले तर शेवटचेच चालते.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या मिळकतीसाठी सक्तीचे नाही. मुंबईतल्या फ्लॅटसाठी पूर्वी ते सक्तीचे होते, ती सक्ती डिसेंबर २०२५ मध्ये काढली गेली, तरी वकिलाला विचारून घ्या. वाद झालाच तर वरची अपिले आता मुंबईला न्यावी लागत नाहीत. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. सोय चांगली आहे, पण तिचा लाभ घ्यायची वेळ येऊ नये.

१०. ठेवायचे कुठे, बदलायचे कधी

मूळ प्रत फक्त स्वतःच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला मृत्युपत्र लागते आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये, अशी गाठ बसते. एक्झिक्युटरला जागा सांगून ठेवा, स्कॅन द्या.

घरात लग्न, घटस्फोट, मृत्यू, जमिनीची खरेदी-विक्री, भूसंपादन यांपैकी काहीही झाले की मृत्युपत्र काढून वाचा. रस्त्यात जमीन गेली तर नुकसानभरपाई कुणाची, हे जुन्या मृत्युपत्रात नसतेच. छोट्या बदलाला पुरवणी चालते, पण तिलाही दोन साक्षीदार लागतात. दोनपेक्षा जास्त पुरवण्या होऊ देऊ नका. नवे मृत्युपत्र करा, "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" असे लिहा आणि जुन्याचा दस्त क्रमांक टाका.

११. मागे राहिलेल्यांनी काय करायचे

मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा प्रती घ्या. शेतजमिनीसाठी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) तीन महिन्यांच्या आत मृत्युपत्रासह अर्ज द्या. ते सगळ्या वारसांना नोटीस काढतात, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आली तर नोंद तक्रारीत जाते, आणि मृत्युपत्र खरे की खोटे हा निवाडा दिवाणी कोर्टच करते. तलाठ्याशी भांडून उपयोग नाही. बहिणी खूश असतील तर त्यांचे जबाब त्याच वेळी नोंदवून घ्या, पुढे ढकलू नका.

बँकेत नॉमिनी असेल तर दावा फॉर्म, दाखला, केवायसी एवढ्यावर काम होते. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल तर बँक उत्तराधिकार प्रमाणपत्र मागू शकते. कारखाना आणि दूध संस्थेत भाग वर्ग करायला वेगळा अर्ज आणि संचालक मंडळाचा ठराव लागतो, बैठक महिन्याने असते, म्हणून तो अर्ज पहिल्या आठवड्यातच टाका. सिटी सर्व्हेला नाव लागले म्हणून घरफाळ्याला आपोआप लागत नाही. महापालिकेत आणि महावितरणकडे वेगवेगळे अर्ज द्या, आणि प्रत्येक ठिकाणची पोच घ्या.